कविसंमेलनातला हशा

माणसं हसली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नवरा म्हणतो, "एवढ्या वर्षांनी काय घेऊन बसलीस? इसर की आता." मी विसरत नाही. मला विसरायचंही नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नेरूळच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. नवरा तुर्भ्याच्या मार्केटात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. संध्याकाळी तो घरात आला की त्याच्या शर्टाला लागलेल्या मिरचीच्या खकाण्यानं सगळे शिंकायचे. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे. सोसायटीतला फ्लॅट आमच्या आवाक्यात नव्हता, म्हणून करावे गावात एका आगरी बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या.

या घरमालकीणबाई म्हणजे काकी. विधवा होत्या, अंगानं भरलेल्या, केसांत रोज अबोलीचा गजरा, आणि आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर खाडीकडच्या वाटेवरचा माणूस वळून बघेल. त्यांची भातशेती आणि मिठागरं नव्या शहरासाठी सरकारनं घेतली होती. मुलगा लहानमोठी बांधकामं घ्यायचा. घर त्यानंच बांधलेलं, तीन मजली, दर्शनी भिंतीला गुळगुळीत टाइल्स. काकी मात्र त्या टाइल्सच्या घरामागं पत्र्याच्या आडोशाला चूल मांडून तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या. गॅसवरची भाकरी त्यांना गोड लागत नसे. मला त्या मास्तरीनबाय म्हणायच्या.

काकी गाणी रचायच्या. लग्नाच्या विधींना बायका जे धवले गातात ते त्यांना तोंडपाठ होतेच, पण त्यांत त्या स्वतःच्या ओळी घालायच्या. त्यापलीकडे काही अशा ओळी होत्या की त्या कुठल्याच लग्नात म्हणण्यासारख्या नव्हत्या. त्या त्यांनी कुणाला ऐकवल्या नव्हत्या.

एकदा सुट्टीच्या दिवशी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. काकी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालत होत्या. पाठमोऱ्या होत्या आणि काहीतरी पुटपुटत होत्या. मी जवळ गेले.

"काय म्हणताय, काकी?"

"काय नाय गो. आयेचा गाना."

"कुठलं? मी नाही ऐकलं कधी."

त्यांनी हात झटकले, पदरानं तोंड पुसलं आणि जवळ्याकडे बघत बघतच म्हणायला सुरुवात केली.

आय निंगाली सूप घेऊन
खल्यान भात वारवाला.
खला कुठं हाय गो आये?
खल्याव बिल्डिंग उबी.
वॉचमन बोलतं, म्हातारे, कोन पायजे?
आय बोलते, मना कोन नको,
माझा भात हाय आत,
वारा सुटलाय, मना जाव दे.
जिना चरली, गच्चीव गेली,
सूप धरला वाऱ्याला.
सुपान भात नवता गो बाय,
पन आयेनं वारवला.

मी ओला कपडा हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग काकींनी सगळं सांगितलं. त्यांचं माहेर शेजारच्याच गावात. जमीन गेल्यावर त्यांच्या आईच्या डोक्यावर परिणाम झाला. भात कापायचे दिवस आले की म्हातारी घरातून सूप घेऊन निघायची. जिथं त्यांचं खळं होतं तिथं चार मजली इमारत उभी राहिली होती. ती सरळ जिना चढून गच्चीवर जायची आणि रिकामं सूप वाऱ्यावर धरून पाखडत राहायची. तिथले लोक वैतागायचे. मग कुणीतरी काकींना बोलवायला यायचं.

"मी आनाला जायची तिला," काकी म्हणाल्या. "तर मना बोलायची, थांब गो, वारा परला की जावया. मी पन बसायची बाजूला. काय करनार?"

मी मराठीची शिक्षिका. कवितेची कितीतरी रसग्रहणं मुलांकडून घोकून घेतलेली. पण त्या दुपारी त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी खाली येऊन घटाघट पाणी प्यायले.

आता संमेलनाचं सांगते. आमच्या शाळेजवळच्या सेक्टरात एक साहित्य मंडळ होतं. दादर, गिरगाव, ठाणे असे इकडून तिकडून राहायला आलेले लोक त्यात होते. त्यांनी ठरवलं की आपल्या नगराचंही स्वतःचं साहित्य संमेलन हवं. मला मराठीची शिक्षिका म्हणून समितीत घेतलं. मलाही आनंद झाला, का खोटं बोलू? घर, शाळा आणि मिरचीचा खकाणा यापलीकडं काहीतरी मिळालं होतं.

मंडळाचे कार्यवाह एका बँकेत अधिकारी होते. पांढराशुभ्र झब्बा, हातात पाकीट, आणि बोलणं असं घोटीव की 'पाणी' म्हणाले तर त्यातला 'ण' ताटात वाढल्यासारखा वेगळा दिसावा. पहिल्या बैठकीत त्यांनी आगामी कार्यक्रमांची रूपरेषा वाचून दाखवली. ग्रंथदिंडी, उद्घाटन, 'नव्या शहराची संस्कृती' हा परिसंवाद, कथाकथन, महिलांसाठी पाककला स्पर्धा आणि शेवटी कविसंमेलन. परिसंवादाला जी माणसं बोलावली होती त्यातलं एकही इथलं नव्हतं.

मी म्हटलं, "या शहराच्या जागी जी गावं होती, अजून आहेत, त्यांच्यातलं कुणी बोलायला नको का?"

"त्यांना घेतलंय की," कार्यवाह म्हणाले. "ग्रंथदिंडीत कोळीनृत्य आहे."

बैठकीतल्या कुणालाही यात काही चुकलं असं वाटलं नाही. सगळे चहा पीत होते. मी त्याच बैठकीत हट्ट धरला की कविसंमेलनात एका आगरी कवयित्रीला घ्यायचं. कार्यवाह म्हणाले, "हरकत नाही, पण रचना आधी माझ्याकडे द्या. एकदा नजरेखालून घालतो."

काकींना विचारलं तर आधी त्या नाहीच म्हणाल्या. मग गच्चीवर बराच वेळ फेऱ्या मारून खाली आल्या आणि म्हणाल्या, "सगल्यांच्या समोर बोलायचा? आयेचा? बोलते. ऐकू दे लोकांना, कोनाच्या खल्याव ऱ्हातान ते."

मी कविता लिहून दिली. आठवड्यानं ती परत आली तेव्हा 'मना' चं 'मला' झालं होतं, 'हाय' चं 'आहे', 'पन' चं 'पण'. 'आय निंगाली' चं 'माय निघाली' झालं होतं. खळ्याला 'अंगण' केलं होतं, म्हणे 'खळं' शहरी श्रोत्याला कळणार नाही. वर कौतुकानं म्हणाले, "आशय उत्तम आहे हो. थोडी भाषा सावरून घेतली."

मी घरी येऊन काकींना ते वाचून दाखवलं. त्या चुलीसमोर बसल्या होत्या. ऐकून घेतलं, मग हातातली फुंकणी खाली ठेवली.

"ही कोनाची आय?"

"म्हणजे?"

"माझी आय असा बोलंल? ती काय शालंत गेली व्हती? त्या सायबाला सांग, ही तुझी आय असंल. माझी नाय."

आणि आम्हा दोघींनाही जे हसू फुटलं ते आवरेना. तेवढं एक हसणं या सगळ्या प्रकरणात माझ्या वाटणीचं होतं.

मला या 'सावरून घेण्याचा' जुना अनुभव आहे. साताऱ्याकडच्या गावातून मी पुण्याला कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच तासाला उत्तर देताना 'न्हाई' म्हणाले आणि पुढच्या बाकांवरच्या मुली माना खाली घालून खांदे हलवत हसल्या. मी महिनाभर वर्गात तोंड उघडलं नाही. उघडलं तेव्हा शुद्ध बोलले. आजही मी शुद्धच बोलते, ही कथाही शुद्धच लिहितेय. कारण आता मला दुसरं येतच नाही. आई फोनवर बोलते तेव्हा तिचं बोलणं मला समजतं, पण तिच्यासारखं उत्तर तोंडातून निघत नाही. कुणी माझ्या तोंडातून एवढं काढून घेतलं त्याचा हिशेब मी कुणाकडं मागायचा?

म्हणून कार्यवाहांशी मी कडाडून भांडले. त्यांच्या घरीच गेले होते. त्यांची बायको पोह्यांच्या बशा ठेवून आत निघून गेली. मी म्हटलं, कविता आहे तशी होईल, नाहीतर मी सूत्रसंचालन करणार नाही. पत्रिका छापून झाली होती आणि ऐन वेळी दुसरं कुणी मिळालं नसतं. त्यांनी मान डोलावली. "बघा बुवा. हशा झाला तर मला बोल लावू नका."

मला वाटलं, कुरकुर म्हणून बोलतायत.

कविसंमेलनाला मैदानावरचा मांडव भरला होता. लाल खुर्च्या, व्यासपीठावर तक्के, पांढऱ्या गाद्या, चाफ्याच्या माळा. काकी ठेवणीतली अंजिरी नऊवारी नेसून आल्या होत्या. गळ्यात, हातांत सोनं. मागच्या बाजूला त्यांचा मुलगा आणि गावातल्या काही बायका बसल्या होत्या. आधीचे कवी चांदण्यावर, पावसावर, आईच्या हातावर बोलून गेले. टाळ्या झाल्या. मी काकींचं नाव घेतलं, त्यांच्या आईबद्दल, जमिनीबद्दल दोन वाक्यं सांगितली.

काकी माईकसमोर उभ्या राहिल्या. घसा खाकरला. "आय निंगाली सूप घेऊन..."

पहिल्या ओळीलाच समोरच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. 'मना कोन नको' ला हशा आला. चांगला दणदणीत, मांडवभर. काकी थांबल्या. त्यांना वाटलं असावं, मागं काहीतरी घडलंय. त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं. मग पुढं म्हणू लागल्या, आणि 'जिना चरली' ला टाळ्याच पडल्या. एक गृहस्थ डोळे पुसत होते, हसून हसून. शेजारच्या बाईला कोपरानं ढोसत होते. शेवटच्या ओळी कुणी ऐकल्याच नाहीत. 'सुपान भात नवता' म्हणताना काकींचा आवाज फुटला आणि लोकांना तो अभिनय वाटला. "वन्समोअर!" कुणीतरी ओरडलं.

हसण्यासारखं काय होतं त्यात, हे मला आजही कुणी समजावून सांगावं. जिची जमीन गेली आणि जिचं मन त्याच जमिनीवर अडकून राहिलं, ती म्हातारी तुमच्या इमारतीच्या गच्चीवर उभी आहे. तुम्ही तिच्या खळ्यावर राहता, तिच्या भाताच्या जागेवर तुमची कुंडीतली तुळस आहे, आणि ती 'मला' ऐवजी 'मना' म्हणाली म्हणून तुम्ही पोट धरून हसता!

मी माईक घेतला. जे बोलले ते अजून मला आठवतं. "ही विनोदी कविता नव्हती. या बाई आत्ता तुमच्यासमोर रडत होत्या. तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?" मांडव एकदम गप्प झाला. कार्यवाह खालून हातांनी 'पुढं, पुढं' करत होते. पुढचा कवी गोरामोरा होऊन उठला आणि त्याच्या चांदण्यानं सगळ्यांची सुटका केली.

परतताना काकी आणि मी एकाच रिक्षात होतो. मी त्यांचा हात धरला.

"मी काय चुकीचा बोल्लू का गो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही हो, काकी. ते चुकले."

"पोऱ्या बोलतं, लोकांना आवरला. बस."

लोकांना ते आवडलं म्हणून मुलगा खरंच खूश होता. दुसऱ्या दिवशी खाली मोटारसायकल पुसता पुसता मला म्हणाला, "मॅडम, टेन्शन कशाला घेता? आईनं मार्केट खाल्लं ना! सगले तिलाच विचारत व्हते." त्याच्यावर मी रागावू शकले नाही. नव्या शहरातल्या लोकांनी आपल्या आईसाठी टाळ्या वाजवल्या हे त्याला खरोखर मोठं वाटलं होतं, आणि त्या टाळ्या कशाच्या होत्या ते मी त्याला कोणत्या तोंडानं सांगणार?

पुढच्या वर्षी संमेलनाचे दिवस जवळ आले. त्या वेळी मी समितीत नावालाच होते, बैठकांना जात नव्हते. एका सकाळी भाजी घ्यायला निघाले तर स्टेशनच्या रस्त्यावर फलक लागलेला. आगामी कार्यक्रम. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कथाकथन. आणि खाली लाल अक्षरांत, 'खास लोकाग्रहास्तव: आगरी बोलीतील धमाल हास्यकविता'. शेजारी काकींचा मागच्या वर्षीचा फोटो. माईकसमोर उभ्या, तोंड उघडं, डोळे भरलेले. तो फोटो निवडणाऱ्या माणसाला ते डोळे दिसले नसतील?

भाजी न घेताच मी परत फिरले. काकींना सांगितलं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्या म्हणाल्या, "मी जानार नाय. सांग तुझ्या त्या सायबाला."

त्या संध्याकाळी मी बैठकीला गेले. बसलेही नाही. "धमाल म्हणजे काय? त्यांची आई वेडी होऊन मेली, ही धमाल?"

कार्यवाह शांतच होते. त्यांचा तो शांतपणा मला सगळ्यात जास्त झोंबायचा. "मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेता. रसिक हसले, त्यांना आनंद झाला. बोलीच मुळात गोड आहे, आपण काय करणार?"

"काकी येणार नाहीत. फलकावरून नाव काढा. फोटो काढा. आणि माझंही नाव समितीतून काढा."

"जशी आपली इच्छा."

मला वाटलं, विषय संपला. नवऱ्यानंही जेवताना समजावलं, "ग्वाड बोलून मान कापणारी मानसं ती. लांब ऱ्हायलेलं बरं." फोटोवर कागद चिकटवल्याचं मी येता-जाता पाहिलं होतं. लाल अक्षरं मात्र तशीच होती. मी मनाशी म्हटलं, राहिली असतील.

कविसंमेलनाच्या दिवशी मी जाणार नव्हते. पण काकींचा मुलगा त्या वर्षी पाहुण्यांमध्ये होता, मांडवाला देणगी दिली म्हणून व्यासपीठावर त्याचा सत्कार होता. तो आईला म्हणाला, माझ्यासाठी तरी ये. काकी मला म्हणाल्या, "चल गो. पोराचा सत्कार बघू नि येवू." म्हणून गेलो. मागच्या रांगेत बसलो. सत्कार झाला, शाल झाली, नारळ झाला. मुलगा खाली येऊन पुढच्या रांगेत बसला.

मग सूत्रसंचालकानं मोठ्यानं पुकारलं, "आणि आता, ज्याची आपण सगळे वाट बघताय..." आणि व्यासपीठावर एक तरुण नकलाकार आला. कासोटा घातलेलं लुगडं नेसलेला, डोक्याला पांढरा विग, तोंडात विड्याचा बोळा असल्यासारखे फुगवलेले गाल. हातात सूप. लोक त्याला बघूनच हसायला लागले. तो वाकून, लंगडत चालला, आणि नाकात बोलल्यासारखं करून म्हणाला, "आय निंगाली सूप घेऊन..."

काकींची कविता. शब्द न् शब्द. मी लिहून दिलेली, त्यांनी बदललेली नव्हे, मूळची. ज्या बोलीसाठी मी भांडले होते तीच त्यांनी अशी वापरली. 'मना जाव दे' ला तो वॉचमनला ढुंगणानं ढकलायची नक्कल करत होता. माणसं खुर्च्यांवरून घसरायची बाकी होती.

बाजूला बघितलं तर काकी खुर्चीत नव्हत्या.

त्या मधल्या वाटेनं चालत पुढं निघाल्या होत्या. घाईनं नव्हे, एरवी बाजारातून येतात तशा. व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या. तो नकलाकार त्यांना बघून बावरला, मग त्याला वाटलं हाही एक गमतीचा भाग, म्हणून त्यानं वाकून नमस्कार केला. काकींनी त्याच्या हातातलं सूप काढून घेतलं. फक्त तेवढंच. सूप काखेला लावलं आणि पायऱ्या उतरून आल्या त्याच वाटेनं परत निघाल्या.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. अख्खा मांडव. त्यांना वाटलं, बसवलेलं आहे.

त्या टाळ्यांतून काकी मांडवाबाहेर गेल्या. त्यांचा मुलगा पुढच्या रांगेतून उठला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याला पहिल्यांदाच कळलं होतं. त्यानं अंगावरची शाल काढली, खुर्चीवर टाकली आणि आईच्या मागं धावला. मी व्यासपीठापाशी गेले. कार्यवाह पडद्याआड उभे होते. मी त्यांना जे म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि ते मी शुद्ध मराठीत म्हणाले नाही. कुठून आली ती भाषा, मला माहीत नाही. माझ्या आज्याच्या तोंडी असायची तशी होती.

त्यानंतर समितीकडून एक माणूस आला, 'गैरसमज दूर करायला'. काकींच्या मुलानं त्याला जिन्यावरूनच परत पाठवलं. मुलगा आता आईपेक्षा जास्त धुमसत होता. पुढं त्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला तो गेला नाही. संमेलन मात्र दरवर्षी होत राहिलं. मांडव मोठा होत गेला. फलकही मोठे होत गेले. हास्यकवितेचा कार्यक्रम तर नंतर कायमचाच झाला, असं ऐकलं.

काकींनी ती कविता पुन्हा म्हटली ती त्यांच्या पुतण्याच्या लग्नात. धवले संपले होते, हळद लावून झाली होती, बायका उन्हात भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, काकी, तो आयेचा गाना बोल. लग्नाच्या घरात कशाला, असं एक म्हातारी म्हणाली खरी, पण दुसरीनं तिला गप्प केलं. काकींनी म्हटलं. हळू आवाजात, हातांना हळद तशीच. 'सुपान भात नवता' ला त्या बायकांनी पदर तोंडाला लावले. यातल्या कितीतरी जणींच्या आया, सासवा अशाच कुठल्यातरी इमारतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मग एकीनं स्वतःच्या सासूचं सांगायला सुरुवात केली. मग दुसरीनं.

तिथून ते सुरू झालं. काकींच्या घरामागं, चुलीपाशी, आठवड्यातून एखाद्या दुपारी आम्ही बसायला लागलो. नाव नाही, फलक नाही, अध्यक्ष नाही. ज्या बाईला जे सांगायचं ते तिनं तिच्या बोलीत सांगायचं. मी बहुतेक वेळा ऐकायचे. कधी आईच्या भाषेत एखादं वाक्य बोलायचा प्रयत्न करायचे, अडखळायचे, पण कुणी खांदे हलवत हसायचं नाही.

एका दुपारी दारात एक बाई येऊन उभी राहिली. मी तिला एकदाच पाहिलं होतं, पोह्यांच्या बशा ठेवून आत जाताना. कार्यवाहांची बायको. साडी इस्त्रीची, हातात पर्स, आणि चेहरा शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखा. काकींनी तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काकी हिला हाकलणार.

काकींनी पायानं एक पाट पुढं सरकवला. "बस."

ती बसली. चहा प्यायली. मग एकदम म्हणाली, "माका बोलूचा आसा. पन हसा नको."

आम्ही सगळ्या बघतच राहिलो. ती मालवणकडची. लग्न होऊन आली त्या दिवसापासून घरात मालवणी बोलायची तिला मनाई होती. मुलांशी नाही, पाहुण्यांसमोर नाही, फोनवर आईशीसुद्धा हळू आवाजात. नवऱ्यानं सांगितलं होतं, अशी भाषा ऐकली की लोक आपल्याला गावंढळ समजतात. आणि तो नवरा कुठला? तिच्याच शेजारच्या वाडीतला. त्याच विहिरीचं पाणी प्यायलेला. तोही लहानपणी 'माका, तुका'च म्हणायचा.

कार्यवाहांवरचा माझा राग तोवर मला पुरेसा वाटत होता. त्या दुपारी तो दुप्पट झाला.

ती बाई पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. येताना शेजारणीला घेऊन आली.